फरशी गरम करायची, पण कोणत्या घरातली?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन घरं आहेत. एक मुलुंडचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथे इटालियन मार्बलवर सासूबाईंचे पाय डिसेंबर-जानेवारीत गार पडतात आणि गुडघे आखडतात. दुसरं मनालीच्या वरच्या अंगाला बांधायला घेतलेलं बाराशे चौरस फुटांचं एकमजली घर. निवृत्तीनंतर तिथे हिवाळ्यासकट राहायचा बेत आहे, पण पुढची काही वर्षं सुट्टीपुरतंच जाणं होणार. तुमच्यापुढे तीन कोटेशनं आहेत: विजेच्या मॅटचं (फरशीखाली अंथरायची तापणाऱ्या वायरची जाळी), कार्बन फिल्मचं (विजेने तापणारा पातळ पडदा) आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्यांचं. यातलं कोणतं घ्यावं, दोन्ही घरांना एकच चालेल का, आणि तुमच्या मुलाची शंका अशी की त्याच नळ्यांतून मे महिन्यात गार पाणी सोडता येईल का.

आधी निकाल सांगतो, कारणं मागून येतील. मुलुंडला यातलं काहीच बसवू नका. फार तर बाथरूमचं काम निघेल तेव्हा तिथे छोटी विजेची मॅट टाका. मनालीत पाण्याच्या नळ्या घाला, पण छप्पर, भिंती आणि खिडक्यांचा बंदोबस्त करूनच. आणि नळ्या आत्ता घातल्या तरी त्यांना जोडायचं, पाणी तापवणारं मशीन तुम्ही तिथे राहायला जाल त्या वर्षी घ्या. कार्बन फिल्म दोन्हीकडे नको.

मुंबईच्या थंडीपासून सुरुवात करू. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२ चा. एरवी जानेवारीत तिथलं किमान तापमान सोळा-सतराच्या आसपास असतं, ते पहाटेच्या काही तासांपुरतं. वर, खाली आणि शेजारी माणसं राहत असलेल्या मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आतली हवा बावीस-तेवीसच्या खाली क्वचितच उतरते. म्हणजे खोली थंड नाहीच. गार लागते ती लादी, आणि तिचं तापमानही खोलीइतकंच असतं. फरक इतकाच की मार्बल पायातली ऊब भराभर ओढून घेतो. म्हणून २३ अंशांचा मार्बल बोचतो आणि त्याच २३ अंशांचं लाकूड बोचत नाही. अनवाणी पायांवर जी मोजमापं झाली आहेत, त्यांत काँक्रीटची जमीन साधारण २६ ते २८.५ अंशांना सुखाची वाटते, पाइनच्या लाकडाची साडेबावीसपासूनच. सासूबाईंना उष्णता कमी पडत नाहीये, पायाखालचा पदार्थ चुकीचा आहे.

त्यामुळे पहिला उपाय अगदी स्वस्त आहे. पलंगाजवळ, देवघरासमोर आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीखाली जाड सतरंजी किंवा लोकरीचा गालिचा. खाली रबराची जाळी मात्र हवीच, नाहीतर गार पायांचा प्रश्न सुटून मोडलेल्या खुब्याचा सुरू होईल. घरात घालायच्या मऊ सपाता, पायमोजे असतील तर तळाला रबरी ठिपके असलेले. आणि पुढेमागे बेडरूमचा एसी बदलायचाच असेल, तर गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर घ्या. मुंबईत आपण सवयीने फक्त थंड करणारा घेतो. जानेवारीतल्या चार गार पहाटांना तो अर्ध्या तासात खोली उबदार करतो आणि त्यासाठी फरशीला हात लावावा लागत नाही. सांधे आखडण्याचं मूळ मात्र डॉक्टरांना दाखवा, ते माझं क्षेत्र नाही.

एवढं सांगूनही काही जण म्हणतात, पैशाचा प्रश्न नाही, आईसाठी करायचंच आहे. अशांना मी विजेच्या बिलाची भीती घालत नाही, कारण बिल हे कारणच नाही. तुमची बेडरूम दहा बाय बारा धरू. त्यात खालून बंद असलेला स्टोरेजचा पलंग आणि भिंतभर वॉर्डरोब गेला की मोकळी जमीन साठ चौरस फुटांच्या आसपास उरते, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. मॅट साधारण १५० वॉट प्रति चौरस मीटरची, म्हणजे सव्वाआठशे वॉट. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तास चालवली आणि थर्मोस्टॅटने मधूनमधून बंद केली, तर दिवसाला अडीच युनिट. महिना-सव्वा महिन्याच्या थंडीला शंभरेक युनिट. मे महिन्यात तोच बेडरूमचा एसी याहून कितीतरी जास्त खातो.

अडचण आहे ती फोडाफोडीची. मॅट मार्बलच्या खाली, टाइल अ‍ॅडहेसिव्हमध्ये बसते. लावलेला मार्बल अखंड निघत नाही. जुन्या मार्बलवरच मॅट आणि वर नवी टाइल असा थर दिला, तर पातळी पंधरा ते वीस मिलिमीटर वर येते, मग दरवाजे खालून कापा, बाल्कनीच्या उंबऱ्याशी पाण्याचा उतार सांभाळा. आणि मधे उष्णतारोधक बोर्ड नसेल तर निम्मी ऊब स्लॅबमधून खालच्या शेजाऱ्यांच्या छताला जाते. त्यांनी मागितलेली नसताना.

पाण्याच्या नळ्यांचं तर फ्लॅटमध्ये नावच काढू नका. नळ्या झाकणारा स्क्रीडचा, म्हणजे सिमेंट-वाळूचा, थर साठ-पासष्ट मिलिमीटरचा लागतो, त्याचं वजन चौरस मीटरला सव्वाशे-एकशेतीस किलो होतं. आपल्याकडे राहत्या घरांच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून जो भार धरतात तो चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो असतो. त्यातला मोठा हिस्सा नुसत्या सिमेंट-वाळूने खायचा, हे कोणताही स्ट्रक्चरल इंजिनिअर मान्य करणार नाही आणि सोसायटीने एनओसी देऊ नये.

अजून एक गोष्ट, जी विक्रेते सांगत नाहीत कारण त्यांच्या माहितीपत्रकातल्या घरात कोणी जमिनीवर झोपत नाही. आपल्याकडे झोपतात. पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या पडतात, सासूबाई दुपारी खालीच आडव्या होत असतील. चालू मॅटवर गादी टाकली की वरची वाट बंद होते, वायर मात्र तेवढीच उष्णता सोडत राहते आणि गादीखाली तापमान चढत जातं. थर्मोस्टॅटचा सेन्सर खोलीत दुसरीकडे असेल तर त्याला याचा पत्ताच नसतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका कळतही नाही. म्हणून जिथे गाद्या पडतात तिथे विजेची मॅट नको, हा माझा नियम आहे आणि त्यात मी सवलत देत नाही.

बाथरूमची गोष्ट वेगळी. तिथे जमीन छोटी, वापर ठरावीक वेळेचा, आणि अंघोळीनंतर ओल्या पायांनी उभं राहायची जागा जेमतेम दीड चौरस मीटर. सव्वादोनशे वॉटची मॅट पुरते. पण यासाठी चालू स्थितीतलं बाथरूम फोडू नका. मुंबईत सोसायट्यांमधली निम्मी भांडणं बाथरूमच्या गळतीची असतात. बाथरूमखालच्या खोलगट, म्हणजे सनकन, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग एकदा दुखावलं की खालच्या घराचं छत ओलं होणार आणि तुम्ही सभेत उभे राहणार. वॉटरप्रूफिंग नव्याने होणारच असेल तेव्हा त्याच्यावर मॅट, तिच्यावर पुन्हा एक कोट, मग टाइल. सर्किट स्वतंत्र, त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच), थर्मोस्टॅट बाथरूमच्या बाहेर. इलेक्ट्रिशियनला मॅटचा रोध तीनदा मोजायला लावा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल बसल्यावर. सव्वादोनशे वॉटची मॅट २३० व्होल्टला सुमारे २३५ ओम दाखवायला हवी. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर मिस्त्रीच्या करणीने वायर कुठेतरी कापली आहे, आणि ते ग्राउट भरायच्या आधी कळलेलं बरं.

आता मनाली. मला खरं बोलायचंय ते इथे.

तीनही कोटेशनांत चौरस फुटाचा दर आहे. घरातून किती उष्णता बाहेर जाणार याचा हिशेब एकातही नाही. त्याशिवाय सिस्टिम निवडणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. तुमच्या नकाशावरून मी ढोबळ हिशेब मांडला. बाहेर उणे ५, आत २०, म्हणजे फरक २५ अंशांचा. नकाशात आज जे आहे ते असं: नऊ इंची विटेची भिंत, एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्या, वर साधा आरसीसी स्लॅब. या घराच्या छपरातून सुमारे आठ किलोवॉट उष्णता जाते, भिंतींतून पाच, काचांतून जवळपास तीन, फटींतून शिरणाऱ्या हवेमुळे आणखी पावणेतीन, जमिनीतून एक. एकूण वीस किलोवॉट.

फरशीच्या देण्याला मात्र मर्यादा आहे. राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेऊ नये असं युरोपातलं ईएन १२६४ हे मानक सांगतं. बाथरूमला ३३ आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या पट्ट्याला ३५ पर्यंत सूट आहे. कारण साधं आहे, त्यापुढे पाय जड वाटतात आणि माणूस तिथे थांबत नाही. खोलीच्या हवेपेक्षा फरशी जितके अंश जास्त, त्याच्या सुमारे अकरा पट वॉट ती दर चौरस मीटरला देते. २९ वजा २० म्हणजे ९, म्हणजे शंभर वॉट. तुमचं घर १११ चौरस मीटर, त्यातून ओटा, कपाटं, पलंग आणि बाथरूममधली भांडी वगळली की ८० चौरस मीटर मोकळी जमीन. पूर्ण जोर लावला तरी आठ किलोवॉट. गरज वीसची. अशा घरात जगातली सर्वांत महाग सिस्टिम बसवा, फरशी पायाला छान लागेल आणि हवा बारा-तेरा अंशांवर अडकून राहील. मग विक्रेता सांगतो की पाण्याचं तापमान वाढवा. वाढवलं की फळ्या वाकतात, टाइलचे सांधे उलतात, बिल चढतं.

त्याच घराच्या छतावर चांगला उष्णतारोधक थर, भिंतीला पंचाहत्तर मिलिमीटरचा, खिडक्यांना दुहेरी काच आणि चौकटींना नीट रबर दिलं, तर वीसचे सव्वापाच किलोवॉट होतात. म्हणजे चौरस मीटरला पासष्टच्या आसपास वॉट, आणि तेवढ्यासाठी फरशी २६ अंशांवर असली तरी भागतं. फरशी २६ ची म्हणजे नळ्यांतलं पाणी पस्तीसच्या आसपास. पाणी जितकं कमी तापवायचं तितकं मशीन लहान आणि वीज कमी. पैशाची सगळी किल्ली इथे आहे, कोणत्या कंपनीच्या नळ्या यात नाही. हीटिंगच्या बजेटमधले निम्मे पैसे छपरावर आणि काचांवर घाला म्हटलं की क्लायंटचा चेहरा पडतो, कारण छपरातलं इन्सुलेशन पाहुण्यांना दाखवता येत नाही.

घर असं झालं असं धरून पुढे जाऊ. आता प्रश्न वीज की पाणी, आणि त्याचं उत्तर तुम्ही सलग किती दिवस तिथे राहता यावर आहे. स्क्रीडमध्ये पुरलेल्या नळ्या म्हणजे बिडाचा तवा: तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गॅस बंद केल्यावरही भाकरी होते. तुमच्या ऐंशी चौरस मीटरचा नुसता स्क्रीड ५ अंशांवरून २७ वर न्यायला पंचावन्न-साठ युनिट उष्णता लागते. सहा किलोवॉटचं मशीन त्यात नऊ-दहा तास घालवणार, आणि त्याच वेळी भिंती, सामान आणि बाहेरची हवाही आपापला वाटा मागणार. गार पडलेलं घर राहण्याजोगं व्हायला दिवस-दीड दिवस धरा. चार दिवसांच्या सुट्टीवर गेलात तर पहिला दिवस स्वेटरमध्ये जाईल, आणि निघताना मागे सोडलेली ऊब रिकाम्या खोल्यांना मिळेल. सलग चार महिने राहणाऱ्या माणसाला मात्र हाच संथपणा फायद्याचा. वीज दोन तास गेली तरी घराला कळत नाही.

टाइलखालची विजेची मॅट तासाभरात पाय उबदार करते. पण अख्खं घर त्यावर चालवायचं तर ऐंशी चौरस मीटरला बारा किलोवॉटचा जोडणीभार होतो, म्हणजे एका फेजवर पन्नासहून जास्त अँपिअर. थ्री-फेज घ्यावा लागेल. शिवाय विजेच्या वायरमध्ये एक युनिट घातलं की एकच युनिट उष्णता मिळते. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप पस्तीस अंशांच्या पाण्यासाठी, बाहेर उणे ५ असतानाही, एका युनिटला अडीच ते तीन युनिट देतो. त्यामुळे कडाक्याच्या रात्री सव्वापाच किलोवॉटसाठी तो जेमतेम दोन किलोवॉट वीज घेईल. हा फरक चार महिन्यांच्या मुक्कामात दिसतो, चार दिवसांच्या सुट्टीत दिसत नाही.

म्हणून म्हटलं, नळ्या आत्ता, मशीन नंतर. नळ्या नंतर घालता येत नाहीत, मशीन कधीही जोडता येतं, आणि तोवर नवी मॉडेलंही येतील. सुट्टीच्या वर्षांत दोन बाथरूममध्ये विजेच्या मॅट आणि दोन खोल्यांत गरम-थंड एसी किंवा चिमणीवाली बुखारी (डोंगरातली लोखंडी शेगडी) एवढ्यावर निभावून न्या. बुखारीची चिमणी नीट बाहेर काढलेली हवी आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, दरवर्षी डोंगरात पर्यटक असे जातात.

नळ्यांच्या कामात काय बघायचं ते सांगतो, कारण हे काम एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही. जमिनीवर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद, त्यावर पन्नास मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमचा उष्णतारोधक, बोर्ड. पॅकिंगमधला हलका थर्माकोल चालवून घेऊ नका, तो स्क्रीडच्या भाराखाली बसतो. त्यावर १६ मिलिमीटरची पेक्स (मजबूत प्लास्टिकची) नळी, दोन नळ्यांत १५० मिलिमीटर अंतर, मोठ्या काचेच्या खिडक्यांपाशी १००. चौरस मीटरला साडेसहा मीटर नळी लागते. एक लूप, म्हणजे नळीचा एक फेरा, शंभर मीटरच्या पुढे नेऊ नये, म्हणजे एका लूपमध्ये पंधरा चौरस मीटर. तुमच्या घराला साधारण सहा लूप आणि एक मॅनिफोल्ड (सगळ्या लूपची तोंडं जिथे जोडतात तो भाग). प्रत्येक लूप मॅनिफोल्डपासून मॅनिफोल्डपर्यंत एका अखंड नळीचा, जमिनीखाली एकही सांधा नाही. कॉन्ट्रॅक्टर उरलेले तुकडे जोडायला बघतो, त्याला तिथेच थांबवा. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिटटाउन नावाच्या वसाहतीतल्या हजारो घरांत काँक्रीटच्या स्लॅबमध्ये तांब्याच्या नळ्या पुरून अशीच हीटिंग केली होती. काही दशकांत त्या गळू लागल्या आणि अनेकांनी जमीन फोडण्यापेक्षा सिस्टिमच सोडून दिली. आजची पेक्स नळी गंजत नाही, पण सांधा हा सांधाच.

नळीवर ऑक्सिजन अडवणारा थर आहे असं छापलेलं असावं. साध्या पेक्समधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू पाण्यात झिरपतो; नळीला काही होत नाही, पण पंपाचे आणि टाकीचे लोखंडी भाग गंजतात, पाण्याला गाळ येतो. तुमच्या तिसऱ्या कोटेशनात नुसतं पेक्स लिहिलंय. विचारा.

स्क्रीड ओतताना नळ्यांत दाब भरलेला असावा आणि गेज सर्वांना दिसेल असा लावलेला. कोणाच्या फावड्याने नळी फुटली तर काटा त्याच क्षणी पडतो. भिंतींच्या कडेने आठ-दहा मिलिमीटरची फोमची पट्टी, कारण तापल्यावर स्क्रीड फुगतो आणि त्याला जागा लागते. नळीच्या माथ्यावर किमान पंचेचाळीस मिलिमीटर स्क्रीड. सगळं मिळून, वरच्या फरशीसकट, तेरा-साडेतेरा सेंटिमीटर उंची जाते. आर्किटेक्टला हे आज सांगा. जोत्याची पातळी आणि दरवाजांची उंची ठरून गेल्यावर सांगितलंत तर तो इन्सुलेशनचा बोर्ड बारीक करायला सुचवेल, आणि ते तुम्ही कंटाळून मान्य कराल.

मग थांबायचं. सिमेंटचा स्क्रीड किमान एकवीस दिवस तसाच सुकू द्यायचा, नंतर तीन दिवस २५ अंशांचं पाणी, नंतर चार दिवस पूर्ण ठरलेल्या तापमानाचं, आणि मगच फरशी. मशीन घेतलेलं नसेल तर या आठवड्यापुरता विजेचा छोटा बॉयलर तात्पुरता जोडता येतो. हे टाळून फरशी बसवली तर पहिल्या हिवाळ्यात तिला तडे जातात, आणि तोवर मिस्त्री गावी गेलेला असतो. काम झाल्यावर नळ्यांतलं पाणी कॉम्प्रेसरने फुंकून पूर्ण बाहेर काढा आणि तोंडं बंद करा. चाचणीचं पाणी आत विसरलं आणि घर बंद करून तुम्ही मुंबईला आलात, तर एका उणे रात्रीत मॅनिफोल्ड फुटेल. पुढे मशीन बसल्यावर घर रिकामं ठेवायचं असेल, तर पाण्यात तीस टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. ते सुमारे उणे बारा-तेरापर्यंत गोठू देत नाही. गाडीच्या रेडिएटरमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, घरात ते नको.

वरच्या फरशीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नकाशात बेडरूममध्ये देवदाराच्या फळ्या दिसतात. दगडाची फरशी या कामाला सर्वांत चांगली. काश्मीरच्या हमामात (खालून तापवलेल्या खोलीत) चुनखडीच्या दगडाखाली जाळ करतात तो उगीच नाही. मुलुंडला दगडाचा जो दोष होता तोच इथे गुण होतो. लाकूड चालतं, पण त्याचा पृष्ठभाग २७ अंशांच्या वर नेऊ नये. शिवाय अठरा मिलिमीटरची फळी उष्णतेला जितकी अडवते, तितक्यातच वरच्या थराची एकूण परवानगी जवळजवळ संपते. तिच्यावर गालिचा टाकलात तर खालची उष्णता खालीच राहील. लाकूड हवंच असेल तर नऊ-दहा मिलिमीटरचं इंजिनिअर्ड (लाकडाचे थर चिकटवून केलेलं), खाली चिकटवलेलं, आणि गालिचा नाही.

गॅसवर चालणाऱ्या बॉयलरबद्दल तुमच्या मेव्हण्यांनी सुचवलंय. मुंबईत नळाने गॅस येतो म्हणून आपल्याला तो सोपा वाटतो. तिथे सिलिंडर. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिट उष्णता असते, बॉयलरमधून हाती येते सव्वादोनशेच्या आत. घर नीट बांधलेलं असूनही ऐन थंडीत दिवसाला सत्तरेक युनिट लागतील, म्हणजे तीन दिवसांना एक सिलिंडर, बर्फातून वर आणायचा. राखीव म्हणून ठीक, रोजचा म्हणून नाही. हीट पंपाचं बाहेरचं युनिट मात्र जमिनीपासून उंच स्टँडवर बसवा, बर्फ साचला तरी पंखा मोकळा राहील असं. आणि पाणी फिरवणारा छोटा पंप पन्नास-साठ वॉटच घेतो, तो घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, म्हणजे वीज गेली तरी टाकीतली ऊब फिरत राहते.

कार्बन फिल्म लॅमिनेटच्या फळ्यांखाली सुटी अंथरायची वस्तू आहे. टाइल आणि दगडाखाली तिच्यावर अ‍ॅडहेसिव्ह धरत नाही, ओल्या जागेत ती नको. तुमच्या दोन्ही घरांत दगड आणि ओल, दोन्ही आहेत.

पाण्याच्या नळ्यांचं कोटेशन देणाऱ्याला परत पाठवा आणि खोलीवार उष्णतेच्या गळतीचा तक्ता, लूपचा आराखडा, प्रत्येक लूपची लांबी आणि पाण्याचं ठरलेलं तापमान लेखी मागा. त्याने सोळा किलोवॉटचं मशीन लावलंय, ते इन्सुलेशन नसलेल्या घराच्या अंदाजाने. घर सुधारलं की सहा-सात किलोवॉटचं पुरतं. तुमच्या उंचीवर आणि उणे तापमानात त्या मॉडेलची क्षमता किती उरते तेही त्याच तक्त्यात यायला हवं. बाहेर सात अंश असतानाचा नुसता छापील आकडा नको. तक्ता देता येत नाही म्हणाला तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

राहिली मुलाची शंका. नळ्यांतून गार पाणी फिरवून खोली थंड करता येते, ही कल्पना चुकीची नाही. हैदराबादला इन्फोसिसच्या कॅम्पसमधल्या इमारतीत ती मोठ्या प्रमाणावर वापरली आहे. पण तिथे हवेतली आर्द्रता काढायची स्वतंत्र यंत्रणा सोबत असते. मुंबईत पावसाळ्यात हवेतलं बाष्प चोवीस-पंचवीस अंशांच्या पृष्ठभागावरच पाणी होऊन बसतं. खोली गार वाटावी म्हणून फरशी वीस-एकवीसवर आणली की उघड्या खिडकीच्या घरात तिला पाणी सुटणार, आणि सासूबाई त्याच फरशीवरून चालणार. मुलुंडला एसीच बरा. मनालीत फरशी थंड करायची गरज वर्षातल्या एकाही महिन्यात पडत नाही, तेव्हा तिसऱ्या कोटेशनात कूलिंगसाठी लावलेली जादा रक्कम आहे त्या ओळीवर काट मारून कागद परत पाठवा.